देवळाचा मंडप बघायचा तर आधी मान वर करा

जुन्या देवळात गेल्यावर आपलं सगळ्यांचं ठरलेलं असतं, चपला काढायच्या, घंटा वाजवायची, मंडपातून सरळ चालत गाभाऱ्यापर्यंत जायचं, दर्शन, एक प्रदक्षिणा, मग बाहेरच्या भिंतीवर कोरलेल्या सुरसुंदरींचे, म्हणजे देखण्या स्त्रीमूर्तींचे, दोनचार फोटो आणि चला. मंडप नुसता ओलांडला जातो. फार तर कोणीतरी म्हणतं "केवढे खांब आहेत ना" आणि विषय संपतो. खरं तर देवळात माणसांसाठी बांधलेली जागा तीच, गाभारा देवाचा, मंडप आपला, भजन कीर्तन नाच पुराण सगळं तिथेच व्हायचं. आणि बांधणाऱ्याचं सगळ्यात जास्त डोकं पण तिथेच खर्च झालेलं असतं. म्हणून हे लिहितोय, खांबांचा मंडप कसा बघायचा, कुठून सुरुवात करायची, काय शोधायचं. तज्ज्ञ असायची गरज नाही, वेळ मात्र द्यावा लागतो, एका मंडपाला निवांत तासभर तरी.

नियम एकच आहे आणि बाकी सगळं त्यातून निघतं: आधी वजन बघायचं, नक्षी नंतर. डोक्यावर किती टन दगड आहे, तो कशावर बसलाय, ते वजन कुठल्या वाटेने खाली जमिनीत जातंय, हे एकदा कळलं की कुठला खांब जाड का, कुठला नुसता शोभेचा, मधली जागा मोठी का, हे आपोआप दिसायला लागतं. उलट केलं, म्हणजे नक्षीपासून सुरुवात केली, तर दहा मिनिटांत डोळे थकतात आणि सगळे खांब सारखेच वाटायला लागतात.

सोबत काय घ्यायचं तर फार काही नाही. चांगला टॉर्च (मोबाईलचा चालतो पण वरच्या छतापर्यंत नीट पोचत नाही), एक चौकटीची वही, पेन्सिल. जमलं तर छोटी दुर्बीण, छताचं मधलं कमळ बघायला तिच्यासारखं काही नाही. वेळ शक्यतो सकाळची. बरीच देवळं पूर्वेकडे तोंड करून असतात, सकाळी ऊन तिरकं होऊन मंडपात आत येतं आणि खांबांवरचं कोरीव काम सावल्यांमुळे उठून दिसतं, दुपारी बारा वाजता तेच खांब सपाट वाटतात. देऊळ पश्चिमेकडे तोंड करून असेल तर अर्थात संध्याकाळ. आणि सणाचा दिवस, श्रावणी सोमवार, महाशिवरात्र हे दिवस दर्शनाला उत्तम पण खांब बघायला अजिबात नाही.

आधी वर बघा

आत गेल्यागेल्या मंडपाच्या मधोमध उभं राहायचं आणि काहीच करायचं नाही. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला दोनतीन मिनिटं लागतात, तेवढी द्या. मग मान वर.

आपल्याकडच्या दगडी मंडपांत वरती साधारण तीन प्रकार दिसतात. पहिला सोपा, सपाट छत, म्हणजे दोन तुळयांवर (तुळई म्हणजे खांबांवरची आडवी दगडी पट्टी) मोठ्या शिळा आडव्या टाकून दिल्या, मध्ये एखादं कमळ. दुसरा जरा हुशारीचा: चौकोनी खणाच्या, म्हणजे चार खांबांमधल्या जागेच्या, चारही कोपऱ्यांवर तिरके दगड ठेवले की आतली मोकळी जागा लहान होते आणि चौकोन फिरल्यासारखा दिसतो, त्याच्या कोपऱ्यांवर परत तिरके दगड, असं करत करत शेवटी जे छोटं भोक उरतं त्यावर एक शिळा. तिसरा म्हणजे गोल घुमटासारखा, थरावर थर, प्रत्येक थर खालच्यापेक्षा थोडा आत सरकवलेला, मध्ये लोंबणारं दगडी झुंबर किंवा फूल. याला करोटक वितान म्हणतात. दिसायला घुमट असला तरी ही कमान नाही हे लक्षात ठेवा. इथे प्रत्येक दगड आडवाच बसवलाय, पुढे आलेला भाग हवेत आणि मागच्या शेपटावर वरचं वजन, म्हणून तो पडत नाही. टॉर्चचा झोत तिरका मारला की थरांच्या रेषा स्पष्ट मोजता येतात, मोजाच.

आता मुख्य प्रश्न, एवढे खांब का? हॉलच बांधायचा होता तर मध्ये अडथळे कशाला? एक खडू घ्या, दोन बोटांवर आडवा ठेवा आणि मध्ये दाबा, कट्कन तुटतो आणि तडा खालच्या बाजूने जातो. तोच खडू उभा धरून वरून दाबा, बराच जोर सहन करतो. दगडाचं अगदी हेच. दाबाला जबरदस्त, पण आडवा टाकला की वजनाने खालची बाजू ताणली जाते आणि ताण दगडाला सोसत नाही. त्यामुळे दगडी तुळई लांब करता येत नाही, आणि तुळई आखूड म्हणजे खांब जवळजवळ. मंडप मोठा हवा असेल तर मग खांबांची संख्या वाढवत जा, दुसरा इलाज नाही.

हे काही आपल्याच देवळांचं नाही. इजिप्तमध्ये कर्नाकला अमुनच्या देवळातला जो प्रसिद्ध हॉल आहे, सेती पहिला आणि रामसेस दुसरा यांच्या काळातला, त्यात १३४ खांब आहेत आणि इतके जाड आणि इतके दाट की एका टोकाकडून दुसरं टोक दिसत नाही, कारण वर दगडी तुळया आणि दगडीच छत. मधले १२ खांब मात्र बाकीच्यांपेक्षा उंच, २१ मीटरच्या आसपास, आणि उंचीच्या त्या फरकातून मिळालेल्या पट्टीत दगडी जाळीच्या खिडक्या, आत उजेड यायला. आता इराणमधलं पर्सेपोलिस बघा, दरायस राजाने सुरू केलेला अपादान नावाचा दरबार. ७२ खांब, उंची जवळपास तेवढीच, पण खांब बारीक आणि एकमेकांपासून चांगले लांब लांब. का तर तिथे वरच्या तुळया देवदाराच्या, लाकडाच्या. लाकूड वाकतं पण तुटत नाही, म्हणून लांब तुळई चालते. अर्थात जळतं पण, इ.स.पू. ३३० मध्ये अलेक्झांडरच्या सैन्याने आग लावल्यावर छत गेलं ते गेलं, आज १३ खांब उभे आहेत. आपल्याकडे पाटण्याजवळ कुम्रहारला मौर्य काळातला ८० खांबांचा हॉल उत्खननात सापडला तोही याच जातीचा, खांब दगडाचे, वरचं काम लाकडाचं. तर कुठल्याही हॉलमध्ये गेल्यावर दोन खांबांमधलं अंतर पावलांनी मोजायची सवय लावून घ्या, वरची तुळई कशाची होती याचा अंदाज तिथेच येतो, छत नसलं तरी.

मग वरून खाली या

आता एकच खांब निवडा, शक्यतो मधल्या चारांपैकी एक, आणि वरून खाली वाचत या. सगळ्यात वर छताच्या शिळा. त्या तुळईवर. तुळई बसलीय हस्तांवर, म्हणजे खांबाच्या डोक्यावरून चारी दिशांना बाहेर आलेले जे दगडी हात असतात ना, ते. हा हस्त फार महत्त्वाचा आहे आणि त्याच्याकडे कोणी बघत नाही. तुळईची दोन्ही टोकं हस्तांवर टेकलेली असल्यामुळे मधलं अधांतरी अंतर कमी होतं, बाजूला वीतभर इकडे वीतभर तिकडे वाचते आणि तेवढ्यावर तुळई मोडायची वाचते. याच हस्तांवर बऱ्याचदा ते पोट सुटलेले, गुडघे वाकवून, दोन्ही हात वर करून छत उचलून धरणारे बुटके असतात, त्यांना आपल्याकडे कीचक म्हणतात, पुस्तकात भारवाहक यक्ष. गंमत म्हणजे कोरणाऱ्याने वजन जिथे खरोखर येतं तिथेच हे बसवलेत. काहींचे चेहरे वैतागलेले, काही हसतायत, काहींना चार हात, एखादा शंख वाजवतोय म्हणजे काम टाळतोय. माझं वैयक्तिक मत, मंडपातली सगळ्यात भारी शिल्पं हीच, सुरसुंदरींपेक्षा.

हस्ताच्या खाली स्तंभशीर्ष, गोल चकत्या आणि चौकोनी फळ्या एकावर एक ठेवल्यासारखे थर. त्याखाली खांबाचा दांडा. त्याखाली कुंभी म्हणजे बैठक, जमिनीलगतचा रुंद भाग. हे सगळे बहुतेक वेळा वेगवेगळे दगड असतात, चुना बिना काही न लावता एकावर एक ठेवलेले, एका दगडाला उंचवटा आणि दुसऱ्याला तेवढाच खड्डा. पडक्या देवळात सुटे पडलेले तुकडे दिसले तर त्यांची वरची बाजू नक्की बघा, ते खड्डे दिसतात. आणि मग कळतं की हा अख्खा मंडप फक्त स्वतःच्या वजनावर उभा आहे. वजन जितकं जास्त तितके सांधे घट्ट. याच कारणाने वरचं छत काढलं की खालचे खांब आधीपेक्षा कमजोर होतात, उघड्या मंडपांचे खांब कललेले दिसतात ते उगीच नाही.

दांड्याचा आकार बघताना एक सोपी गोष्ट करा, खालून वर बोट फिरवत (हात न लावता, हवेत) आकार कुठे बदलतो ते बघा. खाली चौकोन, मग अष्टकोन, मग सोळा बाजू, मग गोल, परत चौकोन असं चाललेलं असतं. शिल्पग्रंथांत चौकोनी खांबाला ब्रह्मकांत, अष्टकोनीला विष्णुकांत वगैरे नावं आहेत आणि त्यावर गाईड लोक बरंच काही सांगतात, ते ऐकावं, पण पाथरवटाच्या बाजूने पण बघावं. चौकोनी दगडाचे चार कोपरे तासले की अष्टकोन होतो, त्याचे आठ कोपरे तासले की सोळा बाजू, ते तासले की जवळजवळ गोल. म्हणजे खांबावर जे चार आकार दिसतात ते त्याच कामाचे चार टप्पे आहेत, प्रत्येक टप्प्यावर थोडा भाग तसाच ठेवून दिलेला. कर्नाटकात बेलूर हळेबीडला जे गोल गोल चकत्यांचे, काचेसारखे चकचकीत खांब आहेत त्यांचं वेगळं, तिथला दगड मऊ, तो लेथवर फिरवल्यासारखा घासून काढलाय. आपला काळा बेसॉल्ट त्या मानाने फार चिवट आहे, त्यामुळे महाराष्ट्रातल्या मंडपात तेवढी बारीक जाळीदार नक्षी कमी दिसली तर नाक मुरडू नका.

खांब नाही, खण मोजा

किती खांब आहेत हा आकडा लक्षात ठेवून फार काही कळत नाही, खण मोजा. चार खांबांच्या मधली एक चौकोनी जागा म्हणजे एक खण. चार ओळी गुणिले चार, सोळा खांब, तर खण किती? नऊ. पंढरपूरला विठ्ठलाच्या देवळात सोळखांबी मंडप आहे तो असाच, आणि आत चौखांबी. वारीत गेलेल्या प्रत्येकाने सोळखांबी ओलांडलीय पण गर्दीत वर बघायला कोणाला सुचतंय, तिथला चांदीने मढवलेला गरुडखांब तेवढा सगळ्यांना माहीत, त्याला मिठी मारूनच पुढे जायचं. नऊ खणांच्या या मांडणीला कर्नाटकात नवरंग म्हणतात आणि ती इतकी ठिकठिकाणी सापडते की एकदा डोळ्यात बसली की मग सुटत नाही.

नऊ खणांत मधला खण जवळजवळ नेहमी बाकीच्यांपेक्षा मोठा असतो, त्याचं छत जास्त उंच, कोरीव, आणि खाली जमिनीवर एक गोल किंवा चौकोनी उंचावलेली शिळा, रंगशिळा. इथे नृत्य, गायन, देवापुढची सेवा व्हायची. म्हणजे खांबांनी जागेची विभागणी पण केलीय, मधला खण कार्यक्रमाचा, बाजूचे आठ खण बसणाऱ्यांचे आणि ये-जा करणाऱ्यांचे. वेरूळच्या कैलासाच्या मंडपात याचं वेगळं रूप दिसतं, तिथे १६ खांब आहेत पण चार चारचे चार गट करून चार कोपऱ्यांत सरकवलेत, त्यामुळे मधून अधिकच्या चिन्हासारखा रुंद रस्ता मोकळा राहिलाय.

आता वही काढा. चौकटीच्या कागदावर प्रत्येक खांबासाठी एक टिंब, भिंतीत अर्धे गुंतलेले असतील त्यांच्यासाठी अर्धा गोल. चित्रकला यायची गरज नाही. मग प्रत्येक टिंबाला एक खूण द्या, चौकोनी, अष्टकोनी, गोल, तारकाकृती, जास्त नक्षीचा, साधा. दरवाजातून गाभाऱ्याकडे एक सरळ रेघ मारा आणि डावी उजवी बाजू ताडून बघा. चांगल्या मंडपात डावीकडचा आणि उजवीकडचा खांब जोडीने सारखा असतो, आणि मधल्या चारांवर सगळ्यात जास्त काम, कडेला जाल तसे साधे होत जातात. जोडी जुळत नसेल तर थांबा, तिथे काहीतरी घडलेलं आहे, बहुतेक नंतरची दुरुस्ती. हा नकाशा काढायला वीस मिनिटं लागतात आणि खरं सांगायचं तर दोनशे फोटोंपेक्षा तोच जास्त कामाला येतो, फोटोत सगळे खांब एकमेकांसारखे दिसतात आणि घरी आल्यावर कुठला कुठे होता ते आठवत नाही.

खिद्रापूर, कारण तिथे सगळा नियमच उलटा दिसतो

ही पद्धत वापरून बघायला महाराष्ट्रात एकच जागा निवडायची असेल तर मी खिद्रापूरचं कोपेश्वर म्हणेन. कोल्हापूर जिल्हा, शिरोळ तालुका, कृष्णेच्या काठावर, नृसिंहवाडी कुरुंदवाड करून पुढे जायचं. शिलाहार राजांच्या काळात बांधलेलं, पुढे यादव राजा सिंघणाचा लेख पण तिथे आहे. मुख्य देवळाच्या पुढ्यात जो स्वर्गमंडप आहे तिथे आधी जा. एकूण ४८ खांब, आणि मधोमध छतच नाही. साधारण १३ फूट व्यासाचं गोल भोक, सरळ आकाश. बरोबर त्याच्या खाली तेवढीच गोल शिळा जमिनीवर.

आता वजनाचा नियम लावा. त्या गोल भोकाच्या कडेने १२ खांब गोलात उभे आहेत. थरावर थर आत सरकत येणारं छत, जसं करोटक वितानात असतं तसंच सुरू होतं आणि अर्ध्यात थांबतं. मध्ये शिळा नाही, झुंबर नाही, म्हणजे मंडपाच्या मध्यावर जिथे एरवी सगळ्यात जास्त वजन टांगलेलं असतं तिथे इथे शून्य. सगळं वजन त्या १२ खांबांवर आणि त्यांच्या मागच्या रांगांवर. मागे जाल तसा खांबांचा आकार बदलत जातो, गोल, चौकोनी, अष्टकोनी, नकाशावर खुणा करत गेलात तर एकात एक वलयं तयार झालेली दिसतात आणि नुसतं उभं राहून जी गर्दी वाटत होती तिचा हिशेब लागतो. वलयावर आतल्या बाजूने कार्तिकेय आणि अष्टदिक्पाल, म्हणजे आठ दिशांचे रक्षक देव, आपापल्या वाहनांवर बसलेत, दिशांप्रमाणे, मोबाईलचा कंपास काढून इंद्र पूर्वेला आहे का ते ताडून बघता येतं.

भोक कशाला यावर तिथे प्रत्येकजण वेगळं सांगतो. होमाचा धूर जायला, किंवा घुमट करायचा राहूनच गेला, किंवा मुद्दामच. कार्तिक पौर्णिमेच्या रात्री चंद्र त्या गोलावर येतो तेव्हा बघायला भरपूर लोक जमतात. तुम्ही शक्यतो साध्या दिवशी, दुपारी ऊन भोकातून खाली त्या शिळेवर पडत असताना जा, उन्हाचा गोल फरशीवरून सरकताना दिसतो. पावसाळ्यात कृष्णेला पूर असतो तेव्हा तिकडे जायच्या फंदात पडू नका. आणि बाहेर पडताना देवळाच्या खालच्या थरातली हत्तींची रांग बघा, अख्खं देऊळ पाठीवर घेतल्यासारखी, म्हणजे परत तेच, वजन कोण उचलतंय हे कोरून दाखवलंय.

अंबरनाथचं शिवमंदिर मुंबईवाल्यांना सोपं, लोकलने जा, स्टेशनवरून रिक्षा. इ.स. १०६० चा, शिलाहार मांबाणीच्या वेळचा शिलालेख आहे. मंडप छोटा पण मधले चार खांब आणि त्यावरचं गोल छत यांच्यावर इतकं काम आहे की दुर्बीण इथे वसूल होते. गाभारा पायऱ्या उतरून खाली आहे. जाता जाता, लोक याला पण हेमाडपंती म्हणतात, पण हेमाद्री पंडित यादवांच्या दरबारात आला तेराव्या शतकात, म्हणजे हे देऊळ त्याच्याही दोनशे वर्षं आधीचं. चुन्याशिवायचं प्रत्येक काळं दगडी देऊळ हेमाडपंती ही आपली सवय जरा मोडायला हरकत नाही.

लेण्यांत वजन नसतं, तरी खांब असतात

लेण्यांत गेल्यावर वजनाचा नियम बाजूला ठेवायचा का? उलट, तिथेच तो जास्त मजेशीर होतो. लेणं बांधलेलं नाही, पोखरलेलं आहे. वर तुळई नाही, सगळा डोंगर एकसंध. घारापुरीला कित्येक खांब मोडून पडलेले होते, काही नंतर परत उभे केलेत, पण त्यामुळे छत काही खाली आलं नाही. मग खांब कशाला कोरले? कारण कोरणाऱ्यांच्या डोळ्यासमोर बांधलेले, तेही लाकडी, हॉल होते. भाजे लेणीत हे अगदी उघड दिसतं. इ.स.पू. दुसऱ्या शतकातलं चैत्यगृह (बौद्धांचा स्तूप असलेला प्रार्थनेचा हॉल), २७ अष्टकोनी खांब, साधे, ना बैठक ना शीर्ष, आणि सगळे वरती आतल्या बाजूला कललेले. दगडात असं कलवून काही फायदा नाही, पण लाकडी खांब बाहेर फाकू नयेत म्हणून आत कलते लावायचे, ती सवय तशीच दगडात उतरलीय. समोर उभं राहून मोबाईल सरळ धरून फोटो काढा, चौकटीच्या कडेशी ताडलं की कल लगेच कळतो.

तिथून हायवे ओलांडून कार्ल्याला जा, दोन्ही एका दिवसात होतात. कार्ल्याच्या चैत्यात ३७ खांब, दोन्ही बाजूंना पंधरा पंधरा आणि स्तूपाच्या मागे सात. बाजूच्या तीसांना खाली घट, वर हत्तींवर बसलेली जोडपी, मागच्या सातांना काहीच नाही, नुसते अष्टकोन. जिथे नजर जाते तिथे खर्च, जिथे जात नाही तिथे काटकसर. खांबांवर ब्राह्मी लेख आहेत, कोणी कुठला खांब दान दिला ते, धेनुकाकट गावच्या यवनांची (त्या काळी यवन म्हणजे ग्रीक) नावं पण त्यात आहेत, म्हणजे वर्गणी काढून झालेला हॉल. आणि छताला ज्या लाकडी कमानी दिसतात त्या खऱ्याच लाकडाच्या आहेत, मूळच्या, त्या काहीच उचलत नाहीत.

अजिंठ्यात क्रमांक १ च्या विहारात (भिक्खूंच्या राहायच्या लेण्यात) २० खांब, तिथे सगळे चित्रांसाठी जातात, पण एका खांबाच्या वर चार हरणं आणि त्यांना मिळून एकच डोकं आहे ते शोधा. अपुरी राहिलेली लेणी पण टाळू नका, अर्धवट खांब बघितल्यावर आधी काय कोरायचे आणि नंतर काय हे जितकं कळतं तितकं पूर्ण झालेल्यात कळत नाही.

लाकडी सभामंडप

पुणे, वाई, सातारा बाजूच्या पेशवाईतल्या देवळांत गाभारा दगडी आणि पुढे लाकडी सभामंडप अशी जोडी असते. इथे खाली तळखडा, म्हणजे लाकूड ओलीने कुजू नये म्हणून खांबाखाली ठेवलेला दगड, त्यावर सुरूच्या झाडासारखा निमुळता होत जाणारा खांब, वर हस्त, तुळई, तक्तपोशी म्हणजे फळ्यांचं छत. खांबांच्या मध्ये सुंदर महिरपी दिसतात ना, त्या पातळ फळीच्या असतात, त्या काढल्या तरी मंडपाला काही होणार नाही. कमान दिसली की तीच वजन घेत असेल असं वाटतं, इथे नाही. दगडी मंडपापेक्षा खांब लांब लांब आणि बारीक, कारण आता तुम्हाला माहितीच आहे.

दुरुस्ती ओळखणं

आपल्याकडे एकही जुना मंडप जसाच्या तसा राहिलेला नाही असं धरूनच चला. काय बघायचं: दगडाचा रंग वेगळा, खांबाचं शीर्ष दांड्यापेक्षा मोठं किंवा लहान, नक्षीचा पट्टा मध्येच तुटलेला किंवा उलटा बसवलेला, तुळईला तडा आणि खाली नंतर लावलेला साधा चौकोनी टेकू, वर विटांचं आणि चुन्याचं शिखर (हे बऱ्याचदा मराठा काळातलं), आणि हल्लीचा ऑइलपेंट. ऑइलपेंटबद्दल न बोललेलं बरं. एका गावात तर स्तंभांवरच्या कीचकांना गुलाबी चेहरे आणि काळ्या मिश्या काढून दिल्यात, भक्तिभावानेच, काय बोलणार. टाइल्स लावल्या असतील तर कुंभीचा खालचा थर फरशीत गाडला गेलेला असतो, खांब बुटके वाटले तर हेच कारण असू शकतं.

खांब एका इमारतीतून दुसरीकडे पण जातात. दौलताबादच्या किल्ल्यात आज ज्याला भारतमाता मंदिर म्हणतात तो मोठा खांबांचा हॉल चौदाव्या शतकाच्या सुरुवातीची, खिलजींच्या काळातली जामी मशीद होती आणि तिच्यातले खांब त्याहून जुन्या देवळांचे. तिथे नकाशा काढायचा प्रयत्न करा, जोड्या लावता लावता पुरेवाट होते.

आणि थोडं चमत्कारांबद्दल. हजार खांबी म्हणजे हजार असतातच असं नाही, मदुराईला ९८५ आहेत. हंपीच्या विठ्ठल मंदिरात वाजणारे खांब आहेत हे खरं, पण वाजवायला बंदी आहे आणि ती योग्यच आहे, लोकांनी ठोकून ठोकून त्यांची वाट लावलीय. आंध्रातल्या लेपाक्षीच्या लटकत्या खांबाखालून रुमाल काढायला रांग लागते, काढा हवं तर, पण मग वर पण बघा, तो खांब काही उचलत नसेल तर त्याच्या वाटचं वजन शेजारचे कुठले खांब घेतायत ते शोधा.

वागण्याबद्दल जास्त सांगायला नको. पूजा चालू असलेल्या देवळात आधी पुजारी किंवा गुरवाला विचारा, "काका, मंडपाचा जरा नकाशा काढतोय, चालेल ना", नाही कोणी म्हणत नाही, उलट बंद खोलीतला एखादा खांब पण दाखवतात. गाभाऱ्याकडे पाठ करून मध्येच पाय पसरून बसू नका. लेख वाचायला म्हणून त्यात खडू, हळद, पीठ भरायचं नाही, टॉर्च बाजूने तिरका धरला की अक्षरं तशीच उठतात. पुरातत्त्व खात्याच्या जागी ट्रायपॉडला परवानगी लागते, मोबाईलला नाही.

पहिल्यांदाच बघणार असाल तर छोट्या मंडपापासून सुरू करा, सगळं एका नजरेत मावतं असा. गोव्यात असाल तर तांबडी सुर्लाचं महादेव मंदिर, कदंबांच्या काळातलं, जंगलात, पुढे उघडा मंडप आणि कमळाचं छत. नाशिककडे सिन्नरचं गोंदेश्वर, मुंबईहून अंबरनाथ, पुण्याहून भाजे-कार्ले. मराठवाड्यात औंढा नागनाथ, होट्टल, चारठाणा. मग खिद्रापूर, आणि दौलताबाद सगळ्यात शेवटी. वेरूळ मंगळवारी बंद असतं, अजिंठा आणि घारापुरी सोमवारी, आणि कार्ल्याला चैत्रात आणि नवरात्रात एकवीरेच्या दर्शनाची गर्दी असते तेव्हा चैत्यात उभं राहायला जागा मिळत नाही, ते दिवस सोडून जा.